काळा घोड्याच्या बुटीक हॉटेलात डोंबिवलीकर : खोलीला तीन स्टार, गल्लीला पाच

आधीच सांगून टाकते, हॉटेलचं नाव लिहिणार नाहीये. एक तर तक्रारी बऱ्याच आहेत, आणि दुसरं म्हणजे काळा घोडा-फोर्ट-कुलाबा या पट्ट्यात जुन्या बिल्डिंगचे एक-दोन मजले घेऊन, लाद्या घासूनपुसून, पितळेची बटणं लावून उघडलेली अशी छोटी हॉटेलं आता बरीच झालीत, त्यामुळे मी जे लिहितेय ते थोड्याफार फरकाने त्यातल्या कुठल्याही हॉटेलला लागू पडेल. बाहेरगावहून येणाऱ्यांना उपयोग होईलच, पण हे मुख्यतः आमच्यासारख्यांसाठी, म्हणजे ठाणे-डोंबिवली-विरार-पनवेलवाल्यांसाठी, ज्यांना मुंबईतच हॉटेल घेऊन राहणं म्हणजे पैसे वर आलेत असं वाटतं.

आमच्याकडे पण तेच झालं. नवऱ्याचं ऑफिस कित्येक वर्षं फोर्टात आहे. तो म्हणाला, ज्या स्टेशनात रोज सकाळी मला लोक ढकलून उतरवतात तिथेच सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या खिशातून पैसे भरून झोपायला जायचं? सासूबाईंनी त्याहून वरताण विचारलं, घरातला एसी बिघडलाय का? पण मला नेमकं तेच करायचं होतं. कारण बघा ना, आपण उपनगरवाले ही मुंबई बघतो ती फक्त ऑफिसच्या वेळेत. प्रदर्शन असो, फेस्टिवल असो, मैत्रिणींचं गेट-टुगेदर असो, सात वाजले की डोक्यात ट्रेनचं गणित सुरू, फास्ट मिळेल का, ठाण्यानंतर बसायला मिळेल का, आणि अगदी रंगात आलेली संध्याकाळ अर्धी सोडून आपण पर्स सावरत सीएसएमटीकडे पळत सुटतो. त्या भागाची रात्र आणि पहाट आपण बघितलेलीच नसते. मी पैसे मोजले ते त्या तासांचे. खोली चांगली निघाली तर बोनस, असं मनाशी ठरवून गेले होते, आणि बरं झालं तसंच ठरवलं होतं.

आता बुकिंगचं. शनिवारचं भाडं अॅपवर ७,८०० दिसत होतं. मी खुश, आठच्या आत बसतंय. मग पेमेंटच्या पानावर आकडा झाला ९,२०४. गोम अशी की हॉटेलच्या खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के लागतो (सप्टेंबर २०२५ पासून, आधी तो १२ होता) आणि त्याच्या वर एक रुपया जरी गेलं तरी सगळ्या रकमेवर थेट १८ टक्के. म्हणजे तीच खोली ७,४०० ला असती तर टॅक्स ३७० रुपये, ७,८०० ला आहे म्हणून १,४०४. मधल्या वारी हीच खोली साडेसातच्या आत होती हे मी बघितलंय. तेव्हा ज्यांना रजा टाकता येते त्यांनी बुधवार-गुरुवार बघा. गुरुवारचा अजून एक फायदा म्हणजे महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी या भागातल्या बऱ्याच आर्ट गॅलऱ्या रात्री उशिरापर्यंत उघड्या असतात, फुकट हिंडता येतं. आणि जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीचं नावही काढू नका, तेव्हा काळा घोडा फेस्टिवल असतो (१९९९ पासून चालू आहे), गर्दी अशी की आपण चालत नाही, आपल्याला चालवलं जातं, आणि खोल्यांचे भाव विचारूच नका.

जायला आता एकदम सोपं झालंय. सीएसएमटीला उतरायचं, मेट्रो तीनमध्ये बसायचं आणि पुढच्याच स्टेशनला, हुतात्मा चौकाला उतरायचं, दहा रुपये. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही लाइन कफ परेडपर्यंत सुरू झाली तेव्हापासून नवरा ऑफिसलाही तसाच जातो आणि आल्यावर एसीचं कौतुक करतो. तसं चालत गेलात तरी पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. चालत गेलात तर फ्लोरा फाउंटनपाशी ते मशालवालं शेतकरी-कामगारांचं स्मारक लागतं. नवरा रोज तिथून जातो, पण बॅग ओढत थांबून नीट बघितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांची जागा, आणि बाजूला १८६४ चं ते गोरं कारंजं, दोघं शेजारी शेजारी नांदतायत.

हॉटेल शोधायला मात्र वेळ लागला. बाहेर बोर्ड नाही! म्हणजे आहे, पण पोस्टकार्डाएवढी पितळी पाटी, तीही झेरॉक्सवाल्याच्या फळीमागे. ही आता फॅशन आहे म्हणे, जितकं भारी हॉटेल तितका छोटा बोर्ड. शेवटी झेरॉक्सवाल्या काकांनीच सांगितलं, "वर जा, लाकडी जिना, जपून, तिसरी पायरी हलते." लिफ्ट आहे, जाळीच्या दरवाज्याची, जुनी, फोटोत फार सुंदर दिसते, पण दोन माणसं आणि एक बॅग झाली की बंदच होत नाही. ज्यांच्याबरोबर आई-वडील आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे, त्यांनी आधी फोन करून लिफ्टचं विचारून घ्या.

रिसेप्शनला पहिला अडथळा आला तो आधार कार्डाचा. डोंबिवलीचा पत्ता बघून ती मुलगी म्हणाली, "मॅम, लोकल आयडी आम्ही अलाव करत नाही." मी म्हटलं, अहो, डोंबिवली लोकल कशी? लोकलने यायला सव्वा तास लागतो तिथून! जिल्हासुद्धा वेगळा आहे! तिने मॅनेजरला फोन लावला, मॅनेजरने अजून कोणाला तरी लावला, आणि लग्नाला वीस वर्षं होऊन गेलेलं जोडपं आम्ही तिथे कॉलेज बंक करून आल्यासारखे उभे. शेवटी मिळाली खोली. पण मुंबईतल्या बऱ्याच हॉटेलांत हा लोकल आयडीचा छुपा नियम असतो, बुकिंग करताना कोणी सांगत नाही, तेव्हा आपल्या भागातून जाणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी फोन करून स्पष्ट विचारा. इथे मी एक स्टार कापला. वेलकम ड्रिंक म्हणून कोकम सरबत दिलं ते चांगलं होतं म्हणून अर्धा परत दिला.

खोली. पहिल्या नजरेत माणूस गार होतो, खोटं कशाला बोला. उंच छत, वर उघडे सागवानी वासे, खाली त्या जुन्या नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या, लाल-पिवळ्या-काळ्या, अगदी ओरिजिनल, काही ठिकाणी झिजलेल्या. अनवाणी चालले की पायाला असा गारवा लागत होता की मी चपला काढून ठेवल्या त्या निघेपर्यंत घातल्या नाहीत. खिडकी मोठी, लाकडी झडपांची, आणि उघडली की समोर गल्ली, गल्लीच्या टोकाला ते निळं सिनेगॉग, केनेसेथ एलियाहू, १८८४ चं, ससून घराण्याने बांधलेलं. या खिडकीसाठी मी पैसे परत मागणार नाही.

पण मग हळूहळू एकेक लक्षात यायला लागतं. खोलीत कपाट नाही. भिंतीला एक लोखंडी पाइप टांगलाय, त्याला चार हँगर, झालं कपाट. त्या चार हँगरवर दोन माणसांचे कपडे लटकवल्यावर सुंदर खोलीचं लगेच धोब्याचं दुकान होतं. दिवे बघायला गेलं तर डझनभर असतील, पिवळे, तारेवाले बल्ब, पण सगळे मिळून उजेड किती, तर देवघरातल्या समईएवढा. वाचायला चष्मा लावून खिडकीत जायला लागतं. आणि बटणं! पितळेची, खटक्याची, दिसायला झकास, पण कुठलं बटण कशाचं याचा पत्ता नाही. रात्री दीड वाजता बाथरूमचा दिवा म्हणून दाबलं ते नवऱ्याच्या डोक्यावरचं झुंबर लागलं.

बाथरूमबद्दल काय लिहू. खोली आणि बाथरूमच्या मध्ये भिंतच नाही, काच आहे. दुधी काच सुद्धा नाही, सरळ पारदर्शक. वरून पडदा सोडायची सोय आहे, पण तो पडदा खोलीच्या बाजूने आहे, म्हणजे आत गेलेल्या माणसाची अब्रू बाहेरच्याच्या हातात. ही कल्पना ज्या कुणा डिझायनरच्या डोक्यातून निघाली त्याने एकदा तरी स्वतःच्या मावशीबरोबर त्या खोलीत राहून बघावं. पाण्याचा फोर्स मात्र जबरदस्त, गरम पाणी दोन मिनिटांत, टॉवेल जाड, आणि साबण कुठलातरी वेटिवरचा, म्हणजे आपला वाळा, त्याचा वास इतका छान की उरलेली वडी मी पिशवीत टाकून आणली. पैसे दिलेत.

भिंतींवर सगळी "जुनी बॉम्बे" लावलीये. ट्रामचे फोटो, इराणी हॉटेलातल्या सूचनांचे बोर्ड, एक बंद पडलेला टाइपरायटर, एक काळा गोल डायलचा फोन ज्याला वायरच नाही. मला या प्रकाराचा थोडा कंटाळा आलाय. मुंबईतली ट्राम १९६४ ला बंद झाली, ती बघितलेली माणसं अजून गिरगावात, परळमध्ये जिवंत आहेत, तिकिटाचे दर सांगतील तुम्हाला. आणि टाइपरायटर बघायचा तर कोर्टाच्या आसपास फुटपाथवर टेबल टाकून टायपिंग करणारे लोक कालपरवापर्यंत बसायचे. म्हणजे खरी वस्तू खिडकीबाहेर हातभर अंतरावर आणि आत तिचा शोपीस करून मांडलेला. मेनूकार्डावर, खोलीतल्या माहितीच्या पुस्तकात, अगदी पाण्याच्या बाटलीच्या गळ्यातल्या कार्डावर सुद्धा "क्युरेटेड" लिहिलेलं. नवरा म्हणाला, बाटली क्युरेटेड आहे, आतलं पाणी महापालिकेचं असेल.

स्टाफला मात्र पैकीच्या पैकी. खोली दाखवायला आलेला मुलगा संगमेश्वरकडचा निघाला. सुरुवातीला तोही पाठ केलेल्या इंग्रजीत सुरू झाला, "सर, दिस इज अवर सिग्नेचर रूम", मग माझं मराठी ऐकलं आणि एकदम सुटलाच. "ताई, खरं सांगू का, ही खोली दिसायला चांगली पण रात्री खालच्या पबचा आवाज येतो, झोप लागली नाही तर मला फोन करा, मागे एक खोली रिकामी आहे." ही माहिती वेबसाइटवर कुठे आहे? कुठेच नाही. शिवाय त्यानेच सांगितलं की गच्चीवर पाहुण्यांना सोडतात, फक्त मागायला लागतं.

संध्याकाळी बाहेर पडलो. जहांगीर आर्ट गॅलरी सात वाजेपर्यंत उघडी, तिकीट नाही. १९५२ ची ही गॅलरी, इथे आपलं प्रदर्शन लागावं म्हणून चित्रकार वर्षानुवर्षं नंबर लावून थांबतात, कोल्हापूर-सांगलीकडचे, नागपूरचे, आणि मग आठवडाभर आपल्याच चित्रांसमोर खुर्ची टाकून बसतात. त्यांच्याशी बोला, प्लीज. आपल्याकडे लोक आत येतात, चित्राकडे पाठ करून सेल्फी काढतात आणि जातात. आम्ही गेलो तेव्हा एका दालनात साताऱ्याकडचे एक शिक्षक होते, सगळी चित्रं दुष्काळी माळरानाची, मी फक्त विचारलं की हा निळा रंग कुठून आला, तर त्यांनी अर्धा तास सांगितलं आणि वर गुळाची वडी दिली. पूर्वी इथे आत समोवार होतं, लांबुळका व्हरांडा, चहा, पराठे, आणि तासन् तास बसलं तरी कोणी उठा म्हणायचं नाही, ते २०१५ ला बंद झालं. जवळच्याच वेसाइड इनच्या खिडकीशी बसून कवी अरुण कोलटकर हा सगळा चौक बघत असायचे, तेही केव्हाच गेलं. समोरचं ऱ्हिदम हाउस २०१६ ला गेलं, कॉलेजात असताना कॅसेट घ्यायला पैसे नसले तरी तिथे हेडफोन लावून ऐकत उभं राहायचो. आता तिथल्या गल्ल्यांमधून अडीचशे-तीनशेची कॉफी आणि चार हजारांचा कुर्ता. कॉफी चांगली असते हो, नाही असं नाही. पण बसायला जागा मिळाली की वेटर बिल घेऊन हजर, बाहेर रांग आहे ना.

तरीपण हा भाग मेला नाहीये, आणि याचं श्रेय मी फुटपाथला देईन. जहांगीरच्या बाहेर चित्रकार बसतात ते बघा. गॅलरीत नंबर लागला नाही किंवा लावायला पैसे नाहीत, म्हणून भिंतीला, रेलिंगला चित्रं टेकवून बसलेले. त्यातल्या एकाने नवऱ्याचं पेन्सिल पोर्ट्रेट केलं. घासाघीस न करता सांगितले तेवढे दिले. हात बघत होते मी त्याचा, आधी नाक, मग चष्म्याची दांडी, मग डोळे सगळ्यात शेवटी, आणि मध्येच पेन्सिलची रेघ करंगळीने अशी पुसायचा की गालावरचा फुगवटा बरोबर उमटायचा. नवरा पंधरा मिनिटं एका जागी गप्प बसला ही घटनाच ऐतिहासिक. चित्र हुबेहूब आलंय, फक्त केस जरा जास्त काढलेत, ते त्याने काही दुरुस्त करायला सांगितलं नाही.

आणि तो घोडा. बाहेरगावचे लोक विचारतात म्हणून सांगते, चौकात आत्ता जो काळा घोडा आहे तो २०१७ चा, पाठीवर कोणी नाही. मूळ घोड्यावर सातवा एडवर्ड बसलेला होता, तो तेव्हा युवराज होता, पुतळा १८७९ चा, ससूननेच दिलेला. १९६५ मध्ये तो इथून हलवला आणि आता राणीच्या बागेत आहे. म्हणजे घोडा गेला तरी पन्नासेक वर्षं लोक काळा घोडाच म्हणत राहिले, महापालिकेने चौकाला काहीही नाव दिलं असतं तरी बेस्टच्या कंडक्टरने काळा घोडाच ओरडलं असतं.

रात्रीचं जेवण हॉटेलात घेऊ नका. मेनू बघितला, बोंबील फ्राय साडेसहाशे, आणि तो तीन तुकड्यांत, खाली कसलातरी हिरवा लेप. पाच मिनिटांवर फोर्टात गोमांतक पद्धतीच्या, मंगळुरी पद्धतीच्या खाणावळी आहेत, तिथे याच पैशात दोघं सोलकढीसकट पोटभर जेवतात. त्रिश्ना हे सीफूडचं रेस्टॉरंट जवळच आहे, लोणी-लसूण-मिरीचा खेकडा खायची फार दिवसांची इच्छा होती, बिल बघून नवऱ्याने ती इच्छा पुढची दहा वर्षं तरी पुरवून वापर असं सांगितलं, पण खेकडा अप्रतिम. शाकाहारी असाल तर सकाळी सीएसएमटीसमोर पंचमची पुरीभाजी आणि संध्याकाळी आरामचा वडापाव, पीयूष. हे काही मी नवीन सांगत नाहीये, पण हॉटेलच्या "नेबरहुड गाइड"मध्ये यातलं एकही नाव नव्हतं आणि चार ठिकाणं होती ती सगळी आंबवलेल्या पावाची.

जेवून परत येताना घड्याळात बघितलं, साडेअकरा. इतर कुठल्याही दिवशी या वेळी मी शेवटची कर्जत चुकेल या धास्तीने घामाघूम झाले असते. त्या दिवशी आम्ही उलट दिशेने निघालो. युनिव्हर्सिटी, राजाबाई टॉवर, हायकोर्ट, सगळं अंधारात निवांत, एखादी काळी-पिवळी सोडली तर रस्ता रिकामा. ओव्हलच्या कडेने चालत गेलो. एका बाजूला हे गॉथिक दगडी टॉवर आणि मैदानापलीकडे १९३०-४० मधल्या त्या गोल कोपऱ्यांच्या आर्ट डेको बिल्डिंगा, दोन्ही मिळून २०१८ ला युनेस्कोच्या यादीत गेल्या. नवरा इतकी वर्षं इथे येतो पण त्याला हे माहीत नव्हतं, त्याला फक्त कोपऱ्यावरचा सँडविचवाला माहीत. आम्ही मैदानाच्या रेलिंगला टेकून पाऊण तास गप्पा मारल्या, घरच्यांबद्दल, पैशांबद्दल, मुलीच्या अॅडमिशनबद्दल, ज्या गप्पा घरी कुकरच्या शिट्टीत राहून जातात. याचं रेटिंग कुठल्या कॉलममध्ये द्यायचं मला कळलेलं नाही.

आणि मग आली झोपेची वेळ. खालच्या पबचं ते धम् धम् सुरू होतं. गाणं ऐकू येत नाही, नुसता बेस, तो पण कानाने नाही, पलंगातून. जुनी इमारत, त्यामुळे पाण्याचा ग्लास टेबलावर थरथरत होता. दीडला थांबलं. मग पबमधून निघालेल्या मंडळींचं गल्लीत उभं राहून "टॅक्सी कुठून बोलवायची" यावर चर्चासत्र. मग साडेचारला कचऱ्याची गाडी. मी त्या संगमेश्वरच्या मुलाला फोन केला नाही कारण मला ती सिनेगॉगवाली खिडकी सोडवेना, म्हणजे हे दुखणं मी विकत घेतलं, पण हॉटेलने बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं ना की पुढची खोली म्हणजे जागरण. इअरप्लग ठेवलेत उशीपाशी, छान डबीत, वर लिहिलंय "सिटी साउंड्स". म्हणजे यांना माहिती आहे! विनोद करण्यापेक्षा दुहेरी काच बसवा की.

रविवारची सकाळ मात्र अशी की सगळं माफ. सहा-साडेसहाला गच्चीवर गेलो. फोर्ट रविवारी पहाटे रिकामा असतो हे ऐकून होते, बघितलं पहिल्यांदाच. ज्या रस्त्यावर आठवडाभर टॅक्सीला वळायला जागा नसते तिथे पोरं स्टंप लावून क्रिकेट खेळत होती, टप्पी आऊट, आणि बॉल बँकेच्या आवारात गेला की वॉचमनच फेकून द्यायचा. एक सायकलवाल्यांचा घोळका गेला. डेव्हिड ससून लायब्ररीच्या पायऱ्या कोणीतरी धूत होतं. १८७० ची इमारत ती, वर गॅलरीत लांब हातांच्या आरामखुर्च्या आहेत, त्यात पेपर तोंडावर घेऊन झोपलेले वाचक ही मुंबईची एक मान्यताप्राप्त संस्थाच आहे.

तिथून चार पावलांवर वॉटसन्स, म्हणजे आत्ताची एस्प्लनेड मॅन्शन. स्टायलिश हॉटेलचा विषय निघालाच आहे तर खरं स्टायलिश हॉटेल हे. सगळा सांगाडा बिडाचा, इंग्लंडमध्ये ओतून, जहाजाने आणून इथे जोडलेला, १८७१ ला हॉटेल सुरू झालं. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचे सिनेमे भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते इथेच. त्याच वर्षी मार्क ट्वेन इथे उतरला होता आणि त्याने मुंबईच्या कावळ्यांवर मनसोक्त लिहून ठेवलंय. (कावळे अजून तसेच आहेत. आमच्या खिडकीतल्या ट्रेमधलं बिस्कीट एकाने माझ्या डोळ्यांदेखत उचललं, वर बघत बसला, चहा कुठेय म्हणून.) भारतीय माणसाला मात्र तिथे प्रवेश नव्हता. जमशेटजी टाटांना आत सोडलं नाही म्हणून त्यांनी ताज बांधलं ही गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलीये, ती खरी की दंतकथा यावर वाद आहेत, पण आज ताज दिमाखात उभं आहे आणि वॉटसन्सची दशा बघवत नाही हे तर डोळ्यांसमोर आहे. आधारवरून मला काउंटरवर तिष्ठत ठेवलं ते त्याच चौकात, हेही माझ्या मनात येऊन गेलं, उगाच.

नाश्ता भाड्यात धरलेला होता. बुफे नाही, कार्डावरून मागवायचं. मी "हेरलूम पोहे" मागवले, कारण बघायचंच होतं. मातीच्या छोट्या वाटीत पोहे आले, वर डाळिंबाचे दाणे, बाजूला लिंबाची फोड मलमलच्या कापडात बांधलेली. चव? चांगली होती, खोटं नाही बोलणार, फोडणी नीट, कांदा चिरलेला बारीक. पण आठ चमच्यांत संपले. आमच्या डोंबिवली स्टेशनबाहेरचा पोहेवाला शेवसुद्धा एवढी घालतो. नवऱ्याने ऑम्लेट-पाव मागवला तो झकास होता, पाव ताजा, बाहेरून कडक. चहा मागितला तर टी-बॅग आणि गरम पाणी. मी म्हटलं, उकळलेला मिळेल का? तर आमचा संगमेश्वरवाला हळूच म्हणाला, "ताई, स्टाफसाठी टाकलाय, आणू?" आलं-गवती चहा घातलेला, स्टीलच्या पेल्यात. अख्ख्या हॉटेलातली बेस्ट वस्तू ती, आणि मेनूवर नाही.

चेकआउट अकराला, त्यात ढिलाई नाही, दहा वाजून पन्नासला फोन आलाच. पण बॅगा ठेवून घेतात, कुरकुर न करता, संध्याकाळपर्यंत. आम्ही मग म्युझियमला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो, सव्वादहाला उघडतं. निवांत बघायचं तर तीन तास हाताशी ठेवा.

तर हिशोब असा. खोलीला तीन, सर्व्हिसला साडेचार, जेवणाला दोन (स्टाफचा चहा धरला तर अडीच), झोपेला एक, जागेला पाच. कोणी जावं? नवरा-बायको, मैत्रिणी, एकटं हिंडायची हौस असणारे, चित्रं-इमारती-खाणं यात रस असणारे. कोणी जाऊ नये? लहान पोरं, म्हातारी माणसं, हलकी झोप असणारे, आणि ज्यांना हॉटेलात जाऊन हॉटेलातच बसायचंय ते. त्यांना याच पैशात अलिबागला स्विमिंग पूल मिळतो.

बुकिंग करताना चार गोष्टी फोनवर पक्क्या करा, अॅपच्या भरवशावर राहू नका : लोकल पत्त्याचं आधार चालतं का, लिफ्ट सुरू आहे का, खोली पुढची की मागची, आणि बाथरूमला भिंत आहे का. शेवटचं विचारताना समोरची मुलगी हसेल, हसू दे. मी विचारलं तेव्हा म्हणाली, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांना आहे, पण त्या आधी संपतात.